शेवटची पेंढी

मार्च १९८४. वालूरच्या शाळेत सकाळी मी नववीला 'लेड' (lade) हे जुनं इंग्रजी क्रियापद शिकवलं. जहाजात माल भरणे, पळीनं पाणी काढणे, मनावर दुःखाचा भार असला तरी तेच, असं सगळं छाती फुगवून सांगितलं.

दुपारी आभाळ भरून आलं. शेजारच्या धुरपताबाईचा कडबा अजून रानातच होता. नवरा सूर्यभान ऊसतोडीला गेलेला आणि एका बैलाचा खांदा सुजलेला. कडबा भिजला तर वर्षाची वैरण जाणार, आणि गाडी जुंपावी तर बैल जाणार. मी पेंढ्या वर द्यायला गेलो.

आमच्याकडे गाडी उलाळ झाली, म्हणजे मागं कलंडली, की गाव वर्षभर हसतं. त्या लाजेपायी सगळे गाडी पुढून जड भरतात आणि ते ओझं मुकाट बैलाच्या मानेवर जातं. मला या मर्दुमकीची चीडच येते.

धुरपताबाई वर उभी राहून रचत होती. दर थराला खाली उतरायची, जू आणि खांद्याच्या मधे तळहात घालून बघायची, मग म्हणायची, "मास्तर, आता मागं द्या."

दीर तात्याराव कासरा धरून उभा होता. "वैनी, उलाळ व्हायलीय गाडी! वढ्याच्या चढाला गावाला तमाशा दावायचा का?"

"तुमी बैल धरा, भाऊजी. बाकीचं मी बगते."

दोन पेंढ्या उरल्या. मी पुढच्या बाजूला द्यायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. ती जागा माझी हाय."

गाडी निघाली. ओढ्याच्या उतारावर भार बैलाच्या मानेवर येऊ नये म्हणून ती सरकत मागं गेली. चढ लागला, गाडी मागं झुकू लागली, तशी ती पालथी पडून कडब्यावरून सरपटत पुढं आली आणि टोकाला छाती टेकून पडून राहिली. गाडी सावरली. मी उभ्या जन्मात असं भरणं पाहिलं नव्हतं.

अंगणात जू उतरलं. तिनं सुजेवर हात ठेवला. बैल दचकला नाही, उलट मान तिच्या अंगाला घासली. तेव्हा मात्र ती ढसाढसा रडली. आम्ही कडबा आत टाकतोय तोवर गारा सुरू झाल्या.

घरी येऊन मी शब्दकोश उघडला. सकाळच्या त्या क्रियापदापुढं अर्थ पाच होते, वापराचं उदाहरण एकही नव्हतं. मी पेन्सिलीनं लिहिलं: धुरपताबाई.