अठराव्या दिवशी सोडलेला मासा

माझे सासरे आठ दिवसांसाठी नणंदेकडे गेले, तेव्हा दारात चपला घालता घालता त्यांनी मला एकच गोष्ट तीनदा बजावली. "नवा मासा तीस दिवस वेगळा. एकोणतीससुद्धा नाही. तू फक्त खायला घाल आणि रोज कॅलेंडरवर एक फुली मार. मोठ्या टाकीत सोडायचं काम मी येऊन करीन."

"बाबा, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेय," मी म्हणाले.

"म्हणूनच सांगतोय. शिकलेली माणसं शॉर्टकट फार मारतात."

बाबांची हॉलमधली खाऱ्या पाण्याची टाकी माणसाएवढी लांब आहे. तिच्यात प्रवाळ, दगडांच्या कपारीत राहणाऱ्या दोन कोळंब्या, एक पिवळा टँग मासा आणि क्लाउनफिश माशांची जोडी. जोडीतली मादी अकरा वर्षांची होती. बाबांनी हात पाण्यात घातला की त्यांच्या तळव्यात येऊन आडवी व्हायची. नवा निळा टँग माझ्या साडेतीन वर्षांच्या लेकीच्या, चिऊच्या, हट्टापायी आणलेला. तो धुण्याच्या खोलीत, कमरेएवढ्या स्टँडवरच्या लहान टाकीत एकटा होता. दोन्ही टाक्यांच्या जाळ्या वेगळ्या, नळ्या वेगळ्या, बादल्यासुद्धा वेगळ्या. दुकानातला मासा अंगावर काय घेऊन आलाय ते पहिल्या दिवशी दिसत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. मला त्याचं कौतुकच होतं. मी स्वतः दाराच्या कड्या पुसणारी बाई. नवरा म्हणतो, "हिला पाहुणेही उकळून घ्यावेसे वाटतात."

बाबा गेले तेव्हा त्याचे चौदा दिवस झाले होते. अठराव्या दिवशी मी स्वयंपाकघरात फोनवर होते. महत्त्वाचं काही नव्हतं. मैत्रीण कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाची गोष्ट सांगत होती आणि मला ती शेवटपर्यंत ऐकायची होती. फोन ठेवला तेव्हा घर फार शांत वाटलं. आई झाल्यापासून मला शांततेची धास्ती वाटते.

चिऊ कपड्यांची टोपली पालथी घालून तिच्यावर उभी होती. दोन्ही हात खांद्यापर्यंत लहान टाकीत, हनुवटी ओली, केसांची टोकं पाण्यावर तरंगत होती. एक पाय टोपलीवरून सुटला होता.

"निळूला खाऊ देतेय," ती म्हणाली.

मी तिला ओढून काढलं. ती रडली नाही, मीच रडले. आणि तासाभरात मी जाळी घेतली, निळूला उचललं आणि हॉलमधल्या टाकीत सोडून दिलं. लहान टाकी रिकामी करून माळ्यावर टाकली. दुसरा उपाय नव्हता असं नाही. धुण्याच्या खोलीच्या दाराला वर कडी होती. पण मला ती टाकी डोळ्यांसमोरच नको होती.

खरं सांगून टाकलं असतं, पण चार महिन्यांपूर्वीचं आठवलं. बाबांनी न्हाणीघरात भरलेली बादली ठेवली होती आणि चिऊ तिच्यापाशी जाऊन पोचली होती. तेव्हा मी नवऱ्यासमोर त्यांना ऐकवलं होतं, "पाण्याजवळ मूल एकटं सोडायचं नाही, एवढं तरी लक्षात ठेवत जा, बाबा!" ते मान खाली घालून "चुकलं माझं" म्हणाले होते. आता कोणत्या तोंडाने सांगू?

बाबा परत आले आणि पिशवीही खाली न ठेवता टाकीपुढे उभे राहिले. "अगं, हा इथे कसा?"

"तुम्हीच म्हणालात ना? वीस दिवस झाले की सोड म्हणून. परवा सोडला."

मी हे आधी ठरवलं नव्हतं. पण कॅलेंडरवर विसापुढे फुल्या नव्हत्या, म्हणजे आतून ठरवलंच असणार.

"मी वीस म्हणालो?" बाबांनी पुन्हा माशाकडे पाहिलं. मग हसले. "असेल बाई. हल्ली माझा चष्मा फ्रीजमध्ये सापडतो."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," मी म्हणाले. त्यांच्याबरोबर हसलेसुद्धा.

बाबा आल्यावर पाचव्या दिवशी चिऊने हाक मारली, "आबा, निळूला मीठ लागलंय!" त्याच्या कल्ल्यांवर आणि परांवर पांढरे ठिपके होते, मिठाचे कण टोचावेत तसे. तो दगडाला अंग घासत होता.

"सगळे मासे बाहेर काढावे लागणार," बाबा म्हणाले. "औषध या टाकीत घालता येत नाही, त्यातल्या तांब्याने कोळंब्या नि प्रवाळ मरतात." ते टब मोजू लागले, मीठ काढू लागले. चार दिवसांनी ठिपके गेले.

"बघा, गेले. कशाला उगाच व्याप?" मी म्हणाले. मला तो विषयच संपायला हवा होता.

"गेले नसणार. ते ठिपके म्हणजे जिवंत किडे, खाली वाळूत उतरले असतील. पोरंबाळं घेऊन येतील." पण बोलता बोलता ते थांबले. "का मी काहीतरी चुकीचं बोलतोय? तुला काय वाटतं?"

माणूस तीस वर्षं मासे पाळतोय आणि मला विचारतोय. मी म्हणाले, "थांबू या." मला पुस्तकातलं सगळं माहीत होतं आणि मी म्हणाले, थांबू या.

आठवड्याने ठिपके परत आले, पोराबाळांसकट. या वेळी चारही माशांवर. म्हातारी मादी वरच्या नळीपाशी तोंड उघडून धापा टाकत होती. दुसऱ्या दिवशी बाबांनी हात पाण्यात घातला. ती आली नाही. तळाशी होती.

मग दोन टब मांडले. दर तिसऱ्या दिवशी उरलेले तीन मासे एका टबातून दुसऱ्यात न्यायचे, ताज्या खाऱ्या पाण्यात, आणि पहिला टब धुऊन खडखडीत वाळवायचा. अंगावरून गळलेले जीव तळाशी बसतात. त्यांची पिल्लं बाहेर पडायच्या आत माशांनी घर बदललेलं असतं. "बिऱ्हाड हलवायचं," बाबा म्हणाले, "पण नवा पत्ता कुणाला कळू द्यायचा नाही." असं चार वेळा. मोठी टाकी तोवर माशांविना ठेवायची, पुढे आणखी अकरा आठवडे, म्हणजे तिच्यात उरलेले किडे उपाशी मरतात.

पहिल्या बिऱ्हाडाला बाबा विनोद करत होते. दुसऱ्याला त्यांच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी होती. पाणी किती, मीठ किती, तापमान किती, कुठली जाळी. त्यांना हे झोपेतही पाठ असायचं. त्याच दिवशी जेवताना ते नवऱ्याला म्हणाले, "उद्यापासून चिऊला शाळेतून आणायला मी नको. हिने जावं."

"का?"

"मी मासा मारला अकरा वर्षांचा. काय बोललो तेच आठवत नाही. उद्या पोरीला आणायचं विसरलो तर?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी भात वाढत होते, वाढत राहिले. त्याने दोन दिवसांत स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली. चिऊ मला शाळेच्या फाटकाशी बघून विचारायची, "आबा कुठेत?" मी म्हणायचे, "आबा दमलेत."

तिसरं बिऱ्हाड बुधवारी होतं, सकाळी अकराला. मी नव्या टबातलं तापमान बघत होते. बाबा जुन्या टबापाशी खाली बसले होते, एका भांड्यात पिवळा टँग घेऊन.

"एक विचारू?" ते म्हणाले. "तो डॉक्टर घरचा पत्ता विचारतो म्हणे. आपली इमारत आधी सांगायची की रस्ता? मी सकाळपासून पाठ करतोय."

मी थर्मामीटर खाली ठेवला. "बाबा, तुम्ही वीस म्हणाला नव्हतात."

"काय?"

"तीसच म्हणाला होतात. तीनदा. मी अठराव्या दिवशी सोडला." आणि मग टोपली, चिऊचे केस, मैत्रिणीचा फोन, दाराची कडी, सगळं सांगितलं. बादलीवरून त्यांना बोलले होते तेही. रडू येत होतं, पण रडले असते तर त्यांनीच मला समजावलं असतं, म्हणून रडले नाही.

बाबांनी भांड्याकडे पाहिलं. "आधी याला सोड. त्याचा काय दोष."

मी टँगला हाताने नव्या टबात सोडलं. भांड्यातलं पाणी त्यात पडू दिलं नाही.

"चपला घालताना म्हणालो होतो ना?"

"हो."

"एकोणतीससुद्धा नाही, असंही म्हणालो."

"हो, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, बाबा सुटले. चेहरा खरंच सैल पडला होता. पण डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते.

"मला स्पष्ट आठवत होतं," ते म्हणाले. "तुझा हात दाराला होता तेही आठवत होतं. तरी मी स्वतःलाच खोटं ठरवलं. कारण तू खोटं बोलशील हे डोक्यातच आलं नाही."

मी रिकामं भांडं बाजूला ठेवलं.

"मासा मेला त्याचं नाही. चूक होते. पोर टाकीत वाकली, तेही होतं, माझ्या हातूनही झालं होतं. पण महिना होत आला, मी..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. उठताना गुडघ्यावर हात टेकला. मी आधाराला पुढे झाले, तर म्हणाले, "राहू दे."

उरलेले दोन मासे आम्ही हलवले. चिठ्ठी त्यांनी बाहेर काढली नाही. हात धुतले, घड्याळ पाहिलं. पावणेबारा.

"मी आणतो चिऊला."

"मी येऊ बरोबर?"

"नको. तू तुझ्या नवऱ्याला फोन कर. मी त्याला सांगणार नाही, आणि तू अर्धवट सांगू नकोस. डॉक्टरचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

ते गेले. मी ओल्या हातानेच फोन लावला.

"काय गं? चिऊला आणायला निघालीस ना?"

"बाबा गेलेत."

"एकटे?" तो ओरडलाच. "अगं, तुला कळतंय का? त्यांना एकटं सोडलंस? वाटेत काही झालं म्हणजे? मागे धाव आधी!"

त्याच्या आवाजात जी भीती होती, ती मीच घरात आणून सोडली होती.

"त्यांना काही झालेलं नाही," मी म्हणाले. आणि पुन्हा म्हणाले. "त्यांना काहीच झालेलं नाहीये. जरा बाजूला जा, कुणी ऐकणार नाही असा. मी खोटं बोललेय."