चामड्याची बाही

"आता बघ. त्या पांढऱ्या भिंतीपाशी आली की मिसिंग सुरू," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि गाडीने त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. पांढरी भिंत आली, इंजिनाने एक ठोका गाळला, मग लागोपाठ तीन. सपाट रस्त्यावर मोठ्या दिमाखात आलेली ती लाल, दोन सीटची गाडी चढावर गचके खायला लागली. माझं डोकं दोनदा पुढच्या काचेकडे गेलं आणि परत आलं.

"दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "चार गॅरेजवाल्यांनी हात टेकले. एकाने तर मलाच विचारलं, बाई, चढावर राहायला जायची काय गरज होती?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, दात दुखतो म्हणून आलेल्याला मी कधी जेवण सोडायला सांगितलं नाही."

डॉक्टरबाई दातांच्या. वय एकाहत्तर. दवाखाना बंद होऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांच्या पर्समध्ये चार-पाच कोरे टूथब्रश असतातच, दिसेल त्या पोराच्या हातात ठेवायला. ही गाडी त्यांनी तिशीत स्वतःच्या हिमतीवर घेतली, आणि तेव्हाही ती जुनीच होती. सगळं आयुष्य सपाट रस्त्यांवर चालवली. दोन वर्षांपूर्वी लेकाने टेकडीवर घर बांधून त्यांना तिकडे नेलं, तेव्हापासून हे दुखणं मागे लागलं. आता घरातले सगळे एका सुरात म्हणत होते की गाडी देऊन टाका. एक हॉटेलवाला टपलेलाच होता. तो इंजिन काढून फेकणार होता आणि उरलेली गाडी हॉटेलच्या दारात शोभेला ठेवणार होता. शनिवारी येणार होता. आज मंगळवार.

"आत फुलांच्या कुंड्या ठेवणार म्हणे," डॉक्टरबाई म्हणाल्या. गचके खात वर पोचल्यावर त्यांनी गाडी बंद केली आणि थोडा वेळ स्टीअरिंगवरचा हात काढला नाही.

"मिस्त्री आता काम करत नाहीत असं कानावर आलं, म्हणून तुमच्याकडे शेवटी आले," त्या म्हणाल्या.

"मी करते की," मी म्हटलं.

मिस्त्री म्हणजे माझे वडील. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, सव्वीस वर्षं बाबांच्या गॅरेजमध्ये पाने फिरवतेय, तरी गिऱ्हाइकांच्या लेखी मी मिस्त्रींची पोरगीच. पूर्वी याचा राग यायचा. आता येत नाही असं मी सांगते, पण येतो.

बाबांचे हात पाच वर्षांपूर्वी थरथरायला लागले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, तिथे स्क्रू कसला बसणार. पण घरी बसणं त्यांना मानवत नाही. गॅरेजच्या दाराशी एका मोडीत गेलेल्या गाडीची मागची सीट ठेवली आहे, तिच्यावर ते सकाळी नऊपासून बसतात. हात गेले तरी कान आणि जीभ शाबूत आहेत, आणि त्या दोन्हींचा पुरेपूर वापर होतो.

आमच्या गॅरेजची एक रीत सांगायला हवी. मागच्या भिंतीवर आमच्या चुका टांगलेल्या आहेत. काम करताना ज्याने ज्या भागाची वाट लावली, किंवा ज्या भागाने त्याला फसवलं, तो भाग खिळ्याला. खाली पत्र्याची पट्टी. तिच्यावर दोन ओळी, चूक कुणाची आणि सापडली कुणाला. चुकणाऱ्याने त्या स्वतःच्या हाताने लिहायच्या. माझ्या नावाच्या अकरा पट्ट्या आहेत. पहिली एकोणिसाव्या वर्षी सुट्टीत लुडबुड करताना वाकडा पिळून आटे बिघडवलेल्या प्लगची. बाबा पोरगी म्हणत, म्हणून मीही तेच लिहिलं: 'चूक: पोरगी. सापडली: मिस्त्री.' चाळीस वर्षांत बरीच माणसं आली आणि गेली, सगळ्यांची नावं वरच्या ओळीत आहेत. खालच्या ओळीत दरवेळी मिस्त्री. वरच्या ओळीत मिस्त्री एकदाही नाही.

खाली गॅरेजला परतल्यावर मी गाडी आत घेतली, बॉनेट उघडलं आणि माझ्याही नकळत हात पुसले. कारण आत बाबांची बाही होती.

जुन्या इंजिनात एका डब्यातून सहाही प्लगांना वीज वाटली जाते, सहा जाड वायरींतून. त्या वायरी इतर ठिकाणी कशाही लोंबतात. बाबांना ते बघवत नसे. मर्जीतल्या गाडीला ते चामड्याची एक बाही शिवत. सहाही वायरी तिच्यात एका ओळीने शिरायच्या आणि आपापल्या प्लगासमोर बाहेर यायच्या. आरीने भोकं पाडून, मेणाच्या दोऱ्याची दुहेरी टीप, आणि खालून नाडी. "बॉनेट उघडल्यावर माणसाने दोन पावलं मागे सरून बघितलं पाहिजे," असं ते म्हणत. ही बाही अठरा वर्षांपूर्वीची. चारही गॅरेजवाल्यांनी वायरी बदलल्या होत्या आणि नव्या वायरी पुन्हा इमानाने त्याच बाहीत ओवल्या होत्या. इतकं देखणं काम कोण फेकून देईल? मीही तिच्यावरची धूळ पुसली, वरून तेलाचं बोट फिरवून चामडं चकचकीत केलं, आणि मग कामाला लागले.

मंगळवार गेला, बुधवार गेला. प्लग काढून बघितले, सहाही नीट जळत होते. कार्बोरेटर खोलून धुतले. कॉइल बदलली, वायरी बदलल्या, व्हॉल्व्हची फट मोजली. जागेवर इंजिन असं चालायचं की वर नाणं उभं राहावं. चढावर पांढरी भिंत आली की पुन्हा तेच.

"कसं मिस मारतंय?" बाबांनी सीटवरून विचारलं.

"कसं म्हणजे? मारतंय."

"अगं, इंधनाचं मिसिंग दमून येतं. विजेचं दचकून येतं. हे दमतंय का दचकतंय?"

मी आठवून पाहिलं. "दचकतंय."

"मग कार्बोरेटरच्या मागे दोन दिवस का घालवलेस? वीज कुठंतरी वाट सोडतेय. शोध."

हे सांगताना त्यांचा आवाज किती ऐटीत होता ते मला अजून आठवतं.

गुरुवारी दुपारी मी टायमिंगचा दिवा घेतला. त्याचा चिमटा ज्या प्लगच्या वायरीला लावावा, त्या प्लगला वीज गेली की दिवा लखकन लागतो. तो जागेवर उभ्या गाडीवर वापरतात. पण ही गाडी जागेवर शहाण्यासारखी वागायची. म्हणून मी दिव्याला लांब वायरी जोडल्या, चिमटा तीन नंबरच्या वायरीला लावला, डॉक्टरबाईंना बोलावून घेतलं, दिवा मांडीत धरला आणि त्यांना म्हटलं, "चला वर."

सपाटीवर दिवा एका लयीत लागत होता. पांढरी भिंत आली आणि तो एकाच्या जागी दोनदा लखलखला. पुन्हा दोनदा. तीन नंबरची पाळी नसताना तीन नंबरला वीज मिळत होती. म्हणजे शेजारच्या वायरीतून उडी मारून येत होती. चढावर इंजिनाला जोर लागतो, विजेलाही जास्त ताण पडतो, आणि मग ती जवळची वाट धरते. वायरी कुठे शेजारी शेजारी होत्या? सगळ्या वाटेत फक्त एकाच ठिकाणी.

मी गाडी कडेला थांबवायला सांगितली. बॉनेट उघडून बाहीची नाडी सोडली. चामडं आतून काळं आणि ओलसर होतं. अठरा वर्षं ते तेल पीत होतं, दमट हवा पीत होतं, आणि परवा मीच त्याला आणखी तेल पाजलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"तुमच्या पर्समधले ब्रश द्या," मी म्हटलं.

डॉक्टरबाईंनी काही न विचारता पाच टूथब्रश दिले. मी वायरी बाहीतून मोकळ्या केल्या आणि दोन-दोन वायरींच्या मध्ये एकेक ब्रश अडकवून दोऱ्याने बांधला. आम्ही गाडी खाली नेली, वळवली आणि पुन्हा चढाला लागलो. पांढरी भिंत आली आणि मागे गेली. गाडी एकही ठोका न गाळता वर गेली, वळणावर डॉक्टरबाईंनी आणखी पाय दाबला आणि तिने तेही मानलं. वर पोचल्यावर त्या हसत होत्या आणि चष्मा काढून डोळेही पुसत होत्या.

"काय होतं गं?"

"वायर," मी म्हटलं. "एक वायर गळत होती."

बाही माझ्या पिशवीत होती.

मी ठरवूनच टाकलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. ही बाही त्यांच्या हातची उरलेली जवळजवळ शेवटची वस्तू. आता ते बटण लावायलाही मला हाक मारतात. अशा माणसाला जाऊन सांगायचं, की दोन वर्षं चार गॅरेज ज्याच्यामागे धावली ते तुमचंच शिवणकाम होतं? गाडी चालली, डॉक्टरबाई खूश झाल्या, विषय संपला.

"जमलं," मी गॅरेजमध्ये शिरताच सांगितलं.

"का जमलं?" बाबांचा हा ठरलेला प्रश्न. गाडी का बरी झाली ते सांगता येत नसेल, तर ती बरी झालेली नाही, असं त्यांचं म्हणणं.

"वायर गळत होती."

"कुठली?"

"तीन नंबर."

"तीन नंबर तर तू काल नवी घातलीस."

मी पाने जागेवर लावायला घेतले. सगळे जागेवरच होते.

"पोरी," ते म्हणाले, "इकडे बघ. वायर शेजारणीकडे गळत होती ना?"

मी पिशवीतून बाही काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तिचा वास घेतला. आतल्या बाजूवर अंगठा दाबला, अंगठ्याला लागलेला काळा ओशटपणा उजेडात धरून पाहिला. थरथरत्या बोटांनी टीप चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकही टाका उसवलेला नव्हता.

"बाबा, अठरा वर्षं काही झालं नाही. तुम्हाला कसं कळणार होतं?"

"काही झालं नाही असं नाही. सपाटीवर झाकलं गेलं." त्यांनी बाही मांडीवर उलटी केली. मग म्हणाले, "सहाही वायरी एकत्र कोंबल्या. का, तर सुंदर दिसतं. वीज काय सुंदर बघून चालते?"

मला वाटलं, आता खचतील. मी पाणी आणायला वळले, तेवढ्यात त्यांचा नेहमीचा चढा आवाज आला. "अशा सात शिवल्यात मी. चार गाड्या मोडीत गेल्या. ही एक. उरल्या दोन. दोघांचे नंबर वहीत आहेत, फोन लाव. सांग, मिस्त्रींकडून चूक झालीय, येऊन बाही काढून घ्या म्हणावं."

"मी काहीतरी दुसरं कारण सांगते."

"दुसरं कारण नाही," ते म्हणाले. "अकरा पट्ट्या तुझ्याकडून लिहून घेतल्यात मी. एकीला तू रडली होतीस."

मी दोन्ही फोन लावले आणि अगदी तेच शब्द सांगितले.

शुक्रवारी सकाळी मी लाकडाची एक पट्टी कापली, कंगव्यासारख्या सहा खाचा असलेली. दोन खाचांत किती अंतर हवं ते बाबांनी स्वतःची दोन बोटं लाकडावर ठेवून दाखवलं. बोटं स्थिर राहीनात, म्हणून मी त्यांचा हात वरून धरला आणि पेन्सिलने खूण केली. दिसायला ती पट्टी अगदीच साधी होती. बॉनेट उघडून कुणी दोन पावलं मागे सरणार नव्हतं.

दहा वाजता डॉक्टरबाई आल्या. बाबा सीटवरून उठले. त्यांना उठायला वेळ लागतो. पण कुणी हात दिलेला त्यांना खपत नाही.

"डॉक्टरबाई, त्या चार गॅरेजवाल्यांना बोल लावू नका," ते म्हणाले. "चूक माझी होती. पहिल्यापासून."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "चाळीस वर्षांत मीही एक चांगला दात उपटलाय, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "शेजारच्या दाताऐवजी. पण त्या माणसाला सांगितलं नाही मी. अजून झोपेत आठवतो तो." मग पर्स उचलत म्हणाल्या, "हॉटेलवाल्याला सकाळीच कळवलं, दुसरी कुंडी बघा म्हणून."

त्या गेल्या. चढ गॅरेजच्या दारातून दिसत नाही, पण ऐकू येतो. आम्ही दोघे दारात उभे होतो. गाडी वर जाताना बाबा ओठांतल्या ओठांत ठोके मोजत होते. आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत त्यांचं मोजणं एकदाही अडलं नाही. मला त्या क्षणी त्यांचा जितका अभिमान वाटला, तितका बाहीची टीप बघून कधी वाटला नव्हता.

मग त्यांनी हातोडी मागितली.

"मी ठोकते," मी म्हटलं.

"चूक तुझी आहे का?"

मी हातोडी दिली. सहा घाव चुकले, एक अंगठ्यावर बसला, पण त्यांनी खिळा सोडला नाही. बाही टांगून झाल्यावर त्यांनी पत्र्याची पट्टी गुडघ्यावर धरली आणि ब्रश रंगात बुडवला. दोन ओळी लिहायला त्यांना पाव तास लागला. अक्षरं इकडून तिकडे गेली होती, रंग ओघळला होता. ती पट्टी त्यांनी बाहीखाली लावली आणि दोन पावलं मागे सरून पाहिली.

'चूक: मिस्त्री. सापडली: पोरगी.'

"खिळा तिरका बसलाय," ते म्हणाले.

"असू दे," मी म्हटलं.