सिद्ध पेन आणि हेमलाकाकूची नजर

रिसोडच्या बाहेर, सोयाबीन निघून गेलेल्या उघड्या शेतात मांडव पडला होता. पोरांपेक्षा आईबापांचीच गर्दी जास्त. पेनवाले महाराज एकेका पेनाला कुंकू लावून देत आणि पोरं तिथंच डॉक्टरकीच्या प्रवेशाची, नीटची, सराव परीक्षा सोडवत. मांडवातलं घड्याळ खांबाकडे तोंड करून टांगलेलं. "विद्या माय आहे. मायले काट्यावर पळवता का?" असं महाराज विचारत, आणि माना डोलत.

सेवालालची रूपा तिथं सातशेवीसपैकी सहाशेच्या वर गेली. बापाने तांडाभर पेढे वाटले. खऱ्या नीट परीक्षेत ती निम्म्यावर आली.

महाराजांचं उत्तर तयारच होतं. हॉलमध्ये बाहेरचा पेन नेऊ देत नाहीत, म्हणून शक्ती दारातच राहिली. शिवाय, पोरगी निघताना समोर कोण आलं होतं, ते आठवा.

समोर आली होती हेमलाकाकू, सेवालालच्या वारलेल्या भावाची बायको. आईविना रूपाला तिनेच वाढवलेलं. त्या पहाटे तिनेच वेणी घातली, तिनेच हातावर दही ठेवलं. निकालानंतर, विधवेची नजर लागली म्हणत, घरात तिच्या हातचा चहा कोणी घेईना.

रूपा रडत गेली ती शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या संघपाल सरांकडे. सरांनी मांडवातले पेपर मागवून चाळले आणि सेवालालसह काही आईबापांना शाळेत बोलावलं. एका रविवारी रूपाला मांडवातला पेपर दिला, साधा पेन दिला, घड्याळ झाकलं. ती पुन्हा सहाशेच्या वर. पुढच्या रविवारी नवा पेपर, कुंकवाचा सिद्ध पेन आणि घड्याळ समोर. निम्मे.

"मांडवात दरखेपी तेच प्रश्न, नुसता क्रम बदललेला," सर म्हणाले. "पोरीले उत्तरं पाठ झाली, धडा तसाच राह्यला. वरून वेळेची घाई नाही. सेवालालभाऊ, ते सहाशे कधी हिचे नव्हतेच."

मागून एक बाप पुटपुटला, नव्या पेपराची नजर उतरवली नसंन. बाकीच्यांना ते पटलं. पुढच्या आठवड्यात मांडव आणखी भरला. पेन आत जात नाही ना, मग महाराज आता पोरांच्या अंगठ्यालाच कुंकू लावत होते.

रूपाने घरी येऊन सगळं सांगितलं. "तुह्या नजरेचा काहीच दोष नव्हता वं काकू."

काकू भाकरी थापत होती. पिठाचा हात तिने पोरीच्या गालावरून फिरवला.

"असंन माय. पण पुढच्या वक्ती तू निंगशीन तवा मी मागं गोठ्यात थांबतो. जीवाले भेव वाटते."

पोराचा अभ्यास पारखायचा असेल तर त्याने न पाहिलेला पेपर द्या आणि घड्याळ समोर ठेवा. मार्क कमी पडले तर काय आलं नाही ते पुस्तकात शोधा, माणसाच्या डोळ्यांत शोधू नका. एवढंच सांगणं आहे.

यंदा रूपा पुन्हा परीक्षेला गेली. वेणी तिची तिनेच घातली. दारात कोणी नव्हतं.