सदैव अनुकूल वारा

'आपल्या डोंगरी मॅरेथॉनमध्ये वारा सदैव धावपटूंच्या पाठीशी राहिला आहे. सबब, विहित वेळेत न पोहोचणाऱ्यांनी आपले पाय तपासून घ्यावेत.'

मित्रांनो, हे विधान स्पर्धा समितीच्या पत्रकात दर वसंतात छापले जाते. त्याचे व्याकरण निर्दोष आहे. उरलेले तपासू. वारा 'सदैव' एकाच बाजूने येतो असे लिहिणाऱ्याने एक तर वारा पाहिलेला नसावा, किंवा 'सदैव' या शब्दाशी त्याची नुसतीच तोंडओळख असावी. शिवाय या विधानाला पुरावा असा एकच, साक्षीदारही एकच. तो साक्षीदार मी. आणि साक्ष देताना मला तारेने जखडलेले होते.

मी एक जुना वातकुक्कुट आहे. म्हणजे छपरावर उभा राहून, वारा जिकडून येईल तिकडे चोच करणारा तांब्याचा कोंबडा. एका तांबटाने मला जुन्या पातेल्यांतून घडवले. भुवई ठोकताना त्याचा हात घसरला, म्हणून मी जन्मापासून किंचित संतापलेला दिसतो. पुढे ही मुद्रा फार उपयोगी पडली.

चौकातल्या समितीच्या कचेरीवर मला बसवले. तेव्हाचे कार्यवाह भूगोलाचे निवृत्त शिक्षक होते. ते अधूनमधून शिडीने वर येत, माझ्या खिळीत तेलाचा थेंब सोडत आणि मी दाखवीन तेच लिहीत : 'उद्या वारा समोरून. आधीच्या टेकड्यांवर दम राखा.' धावपटू मला तोंडावर शिव्या देत आणि माझे ऐकत. विद्वानाला याहून मोठा सन्मान मिळत नाही.

मग नवे कार्यवाह आले. त्यांनी कचेरीत, बरोबर माझ्याखाली, एक कोच आणून टाकला. शिडी परसात गेली. तेलावाचून मी वळताना कुरकुरू लागलो. थेंबभर तेलाने भागले असते. कार्यवाहांनी तार निवडली. का, ते त्यांच्याच तोंडून ऐकू. बांधले त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता. त्यानंतर समितीच्या लेखी तो पश्चिमेचाच राहिला.

ही स्पर्धा पश्चिमेकडच्या नदीपुलावरून निघते, तीन टेकड्या ओलांडते आणि पूर्वेला माझ्या चौकात संपते. वसंतात दरीत सकाळ गार असते, दुसऱ्या टेकडीवर ऊन चटके देऊ लागते. तिसरी टेकडी बोडकी, आणि तिथे बहुतेक वेळा पूर्वेचा वारा धूळ घेऊन थेट तोंडावर येतो. उतारावर खडी सुटलेली असते. पत्रकात या सर्वाचे वर्णन 'मार्ग प्रसन्न' असे दोन शब्दांत आहे.

चौकापलीकडे दातांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई कार्यवाहांच्या सख्ख्या वहिनी. म्हणून साऱ्या गावाच्याच वहिनी. पत्रकावर विश्वास ठेवून त्या दर वसंतात पहिल्या दोन टेकड्यांवर जोर लावत, कारण तिसऱ्या टेकडीवर वारा ढकलणार होता. तिथे वारा त्यांना मागे लोटत असे आणि रेंगाळणाऱ्यांना गोळा करणारी बस उचलून आणत असे. बसच्या दारात दीर उभे.

"वारा पाठीशी होता ना, वहिनी? मग झालं तरी काय?"

सगळी बस हसे. यंदा गुडघ्याच्या डॉक्टरांनी वहिनींना बजावले होते : ही शेवटची. एकदा तरी आपल्या पायांनी चौकात यायचे, एवढेच त्यांना हवे होते.

आदल्या दुपारी वहिनी दवाखान्याच्या गच्चीवर आल्या. दोरीवर त्यांचे पांढरे कोट वाळत होते आणि झाडून सगळ्या रिकाम्या बाह्या पश्चिमेकडे हात करून फडफडत होत्या. समोर माझी चोचही पश्चिमेकडेच. म्हणजे बाह्यांच्या मते वारा पूर्वेचा, माझ्या मते पश्चिमेचा. त्यांनी खाली हाक मारली.

"भावोजी, माझे कोट बघा. बाह्या कुठे चालल्यात?"

"वहिनी, कोट घरगुती आहेत. कोंबडा समितीचा आहे."

"अहो, पण वारा कुणाचा?"

"तो पत्रकात दिलाय."

दुसऱ्या दिवशी वहिनी कोटांच्या भरवशावर धावल्या. पुढचे त्याच स्पर्धेत धावलेल्या टपालमास्तरांनी चौकात सर्वांना सांगितले, म्हणून मला ठाऊक. पहिल्या दोन टेकड्या त्यांनी इतक्या सावकाश घेतल्या, की मागून बसवाला ओरडला, "वहिनी, खिडकीची जागा धरून ठेवलीय!"

"तिच्यावर तुमचा डबा ठेवा!"

तिसऱ्या टेकडीवर त्यांनी टपालमास्तरांना गाठले. हे गृहस्थ उभे जेवढे, तेवढेच आडवे. वहिनी त्यांच्या पाठीमागे शिरल्या.

"लपताय कशाला?"

"लपत नाही. तुम्ही भिंत आहात. हलू नका. म्हणजे पळा, पण हलू नका."

भिंत पळाली. उतारावर, खडी चुकवत, वहिनींनी भिंतीलाही मागे टाकले आणि बसच्या आधी, स्वतःच्या पायांनी, त्या चौकात आल्या. कार्यवाह पदक घेऊन पुढे झाले. वहिनी मात्र वर माझ्याकडे बघत होत्या. उन्हात माझ्या पायाशी काहीतरी चमकत होते.

"भावोजी, लोकांच्या दातांना तार मी बांधते. कोंबड्याला कुणी बांधली?"

परसातून शिडी आली. वहिनींनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पायाने साफ नकार दिला.

"तुम्ही चढा. तुमचे पाय ताजे आहेत."

सगळा चौक बघत होता. कार्यवाह चढले. दवाखान्यातून आणलेल्या पकडीने त्यांनी तार तोडली, आणि इतक्या वर्षांचा कोंडलेला आवाज काढत मी गर्रकन पूर्वेकडे वळलो. खाली लोकांनी कानांवर हात ठेवले.

मित्रांनो, कुरकुरणाऱ्याला तेल घाला. बांधले तर तो गप्प होतो हे खरे. पण बोट मात्र भलतीकडेच दाखवत राहतो. माझे म्हणणे संपले. आता शिडीच्या टोकावरून, तुटकी तार हातात धरून, कार्यवाह जे बोलले ते शब्दशः देतो :

"किंचाळायचा हो, वहिनी. जेवल्यावर मला जरा डोळा लागतो, नेमका तेव्हाच. म्हणून बांधला. पण खरं सांगतो, बांधल्यापासून वारा एकदाही बदलला नाही."