किनलारीचा पाहुणा

इफी मॅकास्किल पाहुण्यांच्या रडण्याला आता पार विटली होती. उन्हाळा लागला की ते येत. कुणी कॅनडाहून, कुणी ऑस्ट्रेलियाहून, खापरपणजोबांच्याही मागच्या कुणाचं तरी नाव तोंडात घोळवत. इफीच्या घरात वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी खोली होती. सकाळची लापशी पोटात गेली की ती त्यांना वर डोंगरात, किनलारीच्या ओसाड वस्तीवर घेऊन जाई. तिथल्या माणसांना हाकलून जमीनदाराने मेंढ्या सोडल्या, त्याला दोनशे वर्षं झाली होती. उरल्या होत्या त्या गुडघाभर उंचीच्या, छप्पर नसलेल्या भिंती. पाहुणे त्या भिंतींवरून हात फिरवत, डोळे पुसत, घरी आल्यासारखं वाटतं म्हणत, आणि इफी चहाचा थर्मास काखेत धरून, दुखरा गुडघा सावरत, त्यांचं आटोपायची वाट बघत उभी राही.

नवरा गेल्यापासून तिला हे सगळं ओझ्यासारखं झालं होतं. इन्व्हर्नेसला राहणारी लेक दर फोनला म्हणे, "आई, विकून टाक ना. कुणासाठी धरून बसलीयस?" पण विकायचं म्हटलं तरी उठून काहीतरी करावं लागणार, तेवढंही त्राण इफीत उरलं नव्हतं.

लाखलन मॅकफेल आला तो ऑगस्टच्या अखेरीस, डोंगरावरचे नेचे तांबूस व्हायला लागले तेव्हा. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाचा, सत्तरीचा, जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरलेला रुंद हातांचा माणूस. समुद्र ओलांडून तो पहिल्यांदाच आला होता. वाटेत फारसं बोलला नाही आणि वस्तीवर पोचल्यावर रडलाही नाही, याचंच इफीला बरं वाटलं. तो सरळ ओढ्याकाठच्या घराकडे चालत गेला. जिथे कधीकाळी दार होतं त्या खिंडारापाशी त्याने मान खाली घातली, खांदे आवळले आणि मग आत पाऊल टाकलं.

डोकं आपटायला तिथे काही नव्हतंच. वर नुसतं आभाळ होतं.

"पाय जपून टाका हं," काहीतरी बोलायचं म्हणून इफी म्हणाली.

"सवय आहे," तो म्हणाला.

बारीक पाऊस भुरभुरायला लागला होता. भिंतीच्या आडोशाला बसून त्याने विचारलं, "तुम्ही येता का इथे, एरवी?"

"एरवी कशाला येऊ? पाहुणे आले की यावं लागतं."

"तुमचीच ना माणसं ही?"

"होती. त्यांना समुद्राकडे हाकललं, तिथेच मेली ती, आणि मी राहिले इथे दगड दाखवत." तिने गुडघा चोळला. "खरं सांगू लाखलन, कुणीतरी सगळंच घेऊन जावं असं वाटतं. घर, डोंगर, नाव, सगळं. दमले हो मी."

तो तिच्याकडे वळला. मग अगदी हळू आवाजात, संकोचून म्हणाला, "मी घेऊ?"

इफीला हसू आलं. "घ्या की."

"नक्की?"

"अहो, घ्या म्हटलं ना एकदा! आधी चहा तर घ्या."

त्याने तिच्या हातून थर्मास घेतला, झाकणात चहा ओतला आणि आधी तिच्या पुढ्यात धरला. आजवर एकाही पाहुण्याने असं केलं नव्हतं.

उतरताना तो पुढे होता. दलदलीपाशी वाट फुटते तिथे इफी थबकली. का थबकली, ते तिचं तिलाच कळेना. "इकडून या," तो म्हणाला, "तिकडे पाय रुतेल." पुढे खडकातून पाझरणारा झरा लागला, तेव्हा जाता जाता त्याने त्या झऱ्याचं नाव घेतलं, इथल्या जुन्या गेलिक भाषेतलं. ते नाव इफीची आई घ्यायची, दुसरं कुणी नाही. हे तुम्हाला कसं ठाऊक, असं विचारायला तिने तोंड उघडलं, पण ते नाव जिभेवर येईचना.

"काय म्हणालात?"

परक्या माणसाला समजावून सांगावं तसं त्याने ते अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं. तिने म्हणून पाहिलं, चुकलं. "जमेल हळूहळू," तो हसून म्हणाला.

खाली रस्त्यावर टपालाची लाल गाडी येऊन थांबली. गाडी चालवणारी शोना शाळेत इफीच्या शेजारी एकाच बाकावर बसायची. काच खाली करून ती म्हणाली, "काय रे लाखलन, असल्या पावसात बाईंना कशाला फिरवतोयस? आपल्यासारखी सवय असते का त्यांना?" आणि मग इफीकडे वळून, जरा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत, "आवडलं का तुम्हाला? कुठून आलात?"

"शोना, काय चेष्टा लावलीयस गं?"

शोनाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त थोडं अवघडलं. "माझं नाव सांगितलंस वाटतं यांना," ती लाखलनला म्हणाली, आणि हात हलवून निघून गेली.

इफीने ओरडायला हवं होतं. गाडीमागे धावायला हवं होतं. तिने तसं मनात आणलंही. पण त्याच वेळी खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं, इतकं हलकं, की ती मुकाट्याने त्याच्या मागोमाग चालू लागली. घराशी तिचा कुत्रा धावत आला तो लाखलनच्या पायांत घोटाळला. इफीचा हात त्याने हुंगला, नव्या माणसाचा हुंगतात तसा, आणि तो बाजूला झाला. स्वयंपाकघरात लाखलनने न बघताच दाराआडचं दिव्याचं बटण दाबलं, किटली ठेवली.

"तुम्ही वर जाऊन जरा पडा," तो म्हणाला. "जिन्यावर सांभाळून. शेवटची पायरी उंच आहे."

ती त्याच पायरीला अडखळली.

"तुमची माणसं कुठल्या घरातली म्हणालात?" त्याने खालून विचारलं. सांगायला तिने तोंड उघडलं, पण आठवेना. लेकीला विचारायला हवं, असं तिच्या मनात आलं. लेक फार लांब होती, आणि तिचं नाव आत्ताआत्तापर्यंत तर ओठांवर होतं.

पाहुण्यांच्या खोलीत स्वच्छ चादर अंथरलेली होती. इफीने खिडकी उघडली. पाऊस थांबला होता. डोंगराच्या एका अंगावर ऊन पडलं होतं आणि ढगांच्या सावल्या त्यावरून सावकाश सरकत होत्या. तिने डोळे पुसले. चौकट घट्ट धरून ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

"किती सुंदर आहे हो हे!" ती वरूनच म्हणाली.

खाली कपबश्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने लाखलनचा आवाज आला, दमलेला.

"हो. सगळेच म्हणतात."