सातवं मेंढरू

माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा. दिंद्रुड गावाच्या पुढे आमची जिल्हा परिषदेची पाचवीपर्यंतची शाळा आहे, तिथल्या पहिलीच्या पोरांनाही हे ठाऊक आहे. "मोहिनी मॅडम आल्या" एवढं कुणी म्हटलं की गोंगाट बसतो. याचा मला बरीच वर्षं अभिमान होता, हे आधीच कबूल करते.

सुकन्या माझ्या वर्गात, पाचवीला. धुळाजी नावाच्या मेंढपाळाची मुलगी. वार्षिक परीक्षेत तिला गणितात पन्नासपैकी चौदा पडले आणि पास व्हायला लागतात अठरा. नुसत्या आकड्यांची गणितं सगळी बरोबर होती. शाब्दिक उदाहरणं मात्र सगळी कोरी, एकालाही पेन्सिल लावलेली नाही. आता पाचवीला नापास करायचा नियम आलाय. जूनमध्ये फेरपरीक्षा, आणि तिच्यातही गटांगळी खाल्ली तर पुन्हा पाचवी. निकाल ऐकून तिच्या आईने, साखराबाईने, मला तोंडावर सांगितलं, "पास झाली तर सहावीला दिंद्रुडला धाडू मॅडम. न्हाई झाली तर मेंढरामागं. एकाच वर्गात दोनदा कावून बसवायची?"

मला राग आला तो सुकन्याचा. दिवाळीआधी हीच मुलगी उदाहरण फळ्यावर लिहून होईपर्यंत बोट वर करायची. दिवाळीनंतर तिच्यात काय शिरलं कोण जाणे, शाब्दिक उदाहरण दिसलं की पाटीवर पेन्सिल ठेवून द्यायची. मी समजावलं, ओरडले, डिसेंबरात एकदा वर्गाबाहेर उभंही केलं. ती मान खाली घालून उभी राहिली. "हट्टी आहे, दुसरं काय," असं मुख्याध्यापकांना सांगून मी मोकळी झाले.

खरं तर माझी उदाहरणं मुलांना फार आवडायची. उदाहरणं मुलांच्या ओळखीच्या जगातली असावीत, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगतात आणि मी ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं. पुस्तकातली नावं खोडून मी पोरांच्या आईबापांची नावं घालायचे. सत्यमच्या घरचा ऊस, मुक्ताबाईंची सोयाबीन. आपल्या बापाचं नाव फळ्यावर आलं की पोरगं दिवसभर छाती काढून फिरायचं.

मे महिन्यात फेरपरीक्षेची तयारी करून घ्यायला मी स्कूटी काढून सुकन्याकडे गेले. सुट्टी माझी वाया जात होती, तेव्हा चेहरा काही गोड नव्हता. खतासाठी भागवत नावाच्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली होती, बांधावर यांचं बिऱ्हाड होतं. साखराबाई चहा टाकायला उठली. धुळाजी एका मेंढीचा खूर मांडीवर घेऊन काटा काढत होता. मी सुकन्याला समोर बसवलं आणि पिशवीतून दिवाळीनंतरच्या चाचणीचा कागद काढला. म्हटलं, हिला स्वतःच्या घरचंच उदाहरण द्यावं, म्हणजे कळी खुलेल.

मोठ्याने वाचलं. "धुळाजीकडे चौऱ्याऐंशी मेंढ्या होत्या. पंधरा विकल्या. सात रोगाने मेल्या. तर किती उरल्या? हे तर तू तेव्हा बरोबर सोडवलं होतंस. बघ, बासष्ट. आता परत सोडव."

सुकन्याने कागद मागे सारला आणि हुंदके द्यायला लागली.

"कावून रडायलीस गं? मॅडम एवढ्या उन्हाच्या आल्या अन्," साखराबाई ओरडली.

"मी ते सोडवलं म्हणून मेंढरं मेली," सुकन्या म्हणाली.

मग ती रडत रडत सगळं बोलली. चाचणी झाली आणि चौथ्या दिवशी यांच्या कळपातली मेंढरं मेली. आबांनी, म्हणजे धुळाजीने, घरी येऊन सांगितलं, रोग आला. पेपरात होतं तसंच.

"पेपरात सात लिवलती, मेली सहा," ती म्हणाली. "सातवं कवा मरंल म्हणून मी रोज सांजच्याला बघते. पुन्हा काई लिवलं आन् ते मेलं म्हंजी?"

सहा महिने. सहा महिने हे पोर रोज संध्याकाळी कळपात फिरून सातवं मेंढरू जिवंत आहे का बघत होतं आणि मी तिला वर्गाबाहेर उभं करत होते. मला माझीच लाज वाटली. "अगं, असं कुठं असतं का," म्हणाले, पण ते माझं मलाच फुसकं वाटलं. रोग तर रोगच आला होता. तिला काय पटवून देणार?

तेवढ्यात धुळाजीने मेंढी सोडली आणि खाली बघत म्हणाला, "रोग न्हवता."

"म्हंजी?" साखराबाईचा हात थांबला.

"दुपारचा लिंबाखाली माझा डोळा लागलता. तवर मेंढरं ज्वारीत शिरली. कापलेल्या ताटाच्या बुडख्याला कोवळे फुटवे आलते, ते खाल्ले. ते इखावानी बाधतेत, ह्ये आपल्यातल्या शेंबड्या पोराला बी ठावं हाय. सहा जागीच पडली."

"आन् आमाला रोग म्हणून सांगितलं?"

"मग काय सांगू? मेंढक्या झोपला म्हणून मेंढरं मेली? लाज वाटली."

मग साखराबाईने जे तोंड सोडलं ते सगळं काही इथे लिहिता येणार नाही. "पोरगी आतल्या आत कुढायली आन् तुमी लाज सांभाळत बसले!" एवढं मात्र लिहिते, कारण ते मलाही लागू होतं. धुळाजीने सगळं ऐकून घेतलं. मग लेकीजवळ येऊन उकिडवा बसला.

"तुझ्या पेपरानं काई झालं न्हाई, माय. माझ्या झोपंनं झालं."

"मग सातवं?"

"सातवं काई मरत न्हाई. तवापासून दुपारचा डोळा मिटला न्हाई म्या."

मग मीही बोलले. आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "सुकन्या, चूक माझीही आहे. वजाबाकी शिकवायची म्हणून मी तुझ्या आबांची मेंढरं मारली. पंधरा विकली एवढ्यावर भागलं असतं." ती डोळे पुसत हसली. मी कागद पुन्हा तिच्यापुढे केला नाही, तिनेच ओढून घेतला. चौऱ्याऐंशीतून पंधरा गेले, एकोणसत्तर. त्यातून सात गेले, बासष्ट. उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि कळपाकडे एकदा बघितलं, बस्स.

जूनच्या फेरपरीक्षेत तिला एकेचाळीस पडले. साखराबाईने शब्द पाळला, पोरगी आता सहावीला दिंद्रुडला जाते. पण माझा जीव निकालाच्या आधीच भांड्यात पडला होता, पेपराच्या दिवशी.

पेपर केंद्रावरून आला होता, त्यात काय असेल ते मला माहीत नव्हतं. उघडून बघते तर तिसरं उदाहरण असं: एका शेतकऱ्याकडे एकशे पंचवीस कोंबड्या, अडतीस विकल्या, एकोणीस मेल्या. मनात म्हटलं, मेलं हे पेपर काढणारं माणूस! मी खिडकीपाशी उभी राहून तिच्याकडेच बघत होते. सुकन्या तिसऱ्या उदाहरणाला आली. पेन्सिल थांबली. तिने ते पुन्हा एकदा वाचलं, ओठ हलत होते. मग हात वर केला.

"मॅडम, ह्या कोंबड्या कशानं मेल्या, ते लिवलं न्हाई."

"नाही लिहिलं," मी म्हणाले.

तिने थोडा विचार केला.

"राखणारा झोपला आसंल," ती म्हणाली, आणि उत्तर लिहायला लागली.