कुणाला कुठं पाठवायचं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत फोनवर बसणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. खऱ्या अर्थानं त्या एकाच माणसाच्या वहिनी होत्या. त्यांचे धाकटे दीर तिथं मेकॅनिक होते. नवरा गेल्यावर दिरांनीच मालकांकडे शब्द टाकून त्यांना ही जागा मिळवून दिली. "वहिनी, आता पुढचं कुठलं?" असं ते फोनवर विचारायचे, ते ऐकून बाकीच्यांनीही तेच उचललं. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली होती.

काम सांगायला एका ओळीचं. फोन आला की कुणाला कुठं पाठवायचं ते ठरवायचं. दोनशे चाळीस इमारती, अकरा मेकॅनिक. पण कुठला रखवालदार मशीनरूमची किल्ली खिशात घालून जेवायला जातो, कुठल्या मेकॅनिकचं कुठल्या व्यवस्थापकाशी वाजलंय, कुठली लिफ्ट दार जरा जोरात ओढलं की आपोआप चालू होते, हे सगळं वहिनींच्या डोक्यात होतं. कागदावर काहीच नव्हतं.

मालक थकले आणि कारभार त्यांच्या सुनेकडे आला. तिला सगळे मॅडम म्हणत. बाई मनानं सरळ होती. पहिल्याच महिन्यात तिनं वहिनींना आपल्या खोलीत बोलावून घेतलं.

"वहिनी, उद्या तुम्ही आठ दिवस आजारी पडलात तर ही कंपनी बंद पडेल."

"मी नाही पडत आजारी."

"तेच म्हणतेय मी. सगळं तुमच्या एकटीच्या अंगावर. आपण सॉफ्टवेअर घेऊ. तीन कंपन्या येणार आहेत दाखवायला. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. तुम्ही म्हणाल तेच घेऊ."

वहिनी घरी आल्या त्या जरा ताठ मानेनंच. जेवताना जावेला त्यांनी दोनदा सांगितलं, की निवड मी करायचीय म्हणून. भाऊजी हसले. "घ्या घ्या, चांगलं बघून घ्या. पण आम्हाला पळवणारं नको."

पहिल्या कंपनीनं भिंतीवर मोठा नकाशा लावला. त्यावर अकरा रंगीत ठिपके फिरत होते. मागं उभा असलेला एक मेकॅनिक म्हणाला, "म्हणजे आम्ही चहाला थांबलो की ठिपकाही थांबणार?" सगळे हसले, ठिपकेवाले मात्र हसले नाहीत. दुसऱ्या कंपनीचे दोघं जण दीड तास बोलले, तेही मालकांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून. वहिनींनी एक प्रश्न विचारला तेव्हा त्यांतला एक म्हणाला, "ते नंतर शिकवू तुम्हाला, मावशी."

तिसऱ्या कंपनीचा माणूस एकटा आला. पन्नाशीचा, हळू बोलणारा, हातात साधी वही. त्यानं पडद्यावर काही दाखवलंच नाही. म्हणाला, "आधी मला तुमचं काम बघू दे."

तीन दिवस तो वहिनींच्या शेजारी स्टूल घेऊन बसला. प्रत्येक फोननंतर एकच विचारायचा, "याला का नाही, त्यालाच का पाठवलंत?" आणि वहिनी सांगायच्या. एकोणीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्या जपून बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला आपल्या डब्यातलं दिलं. तिसऱ्या दिवशी तर त्या इतक्या भरभरून बोलत होत्या, की एक-दोन फोन जास्तच वेळ वाजले.

त्याच दिवशी त्यानं विचारलं, "हे एक मेकॅनिक नेहमी दोन लिफ्ट असलेल्या इमारतीतच का जातात?"

"ते माझे दीर," वहिनी म्हणाल्या. "कंट्रोल पॅनेलमध्ये त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. पण गुडघे गेलेत हो. मशीनरूम असते वर, गच्चीवर. बंद लिफ्टच्या इमारतीत नऊ-नऊ मजले चढणार कसे? म्हणून एक लिफ्ट चालू असेल किंवा मशीन तळघरात असेल, तिथंच त्यांना पाठवते. पोरांनाही ठाऊक आहे. कुणी बोलत नाही."

त्यानं मान हलवली आणि लिहून घेतलं.

वहिनींनी तिसऱ्या कंपनीवर बोट ठेवलं. मॅडमनं दिलेला शब्द पाळला.

आणि सॉफ्टवेअर खरंच चांगलं निघालं. पंधरा दिवस अडखळलं, मग सुरळीत चाललं. लोक अडकल्याचा फोन आला की वहिनींनी तोंड उघडायच्या आत पडद्यावर नाव यायचं, आणि दहातल्या नऊ वेळा त्यांच्याही मनात तेच नाव असायचं. किल्ली घेऊन जाणारा रखवालदारसुद्धा त्याला माहीत होता. वहिनी पहिल्यांदाच चार दिवस रजेवर गेल्या. परत आल्यावर कळलं, त्यांच्यावाचून काही अडलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात कामगारांच्या विम्याचं नूतनीकरण आलं. विमा कंपनीनं कर्मचाऱ्यांची यादी मागितली, सॉफ्टवेअरनं एका मिनिटात काढून दिली. त्यात एका नावापुढं लिहिलं होतं, 'जिने चढणे वर्ज्य'. आठवड्याभरात पत्र आलं. या माणसाची तपासणी करा.

डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढले आणि शिडी, जिना, उंचीवरचं काम, सगळ्यावर काट मारली.

मॅडमनं वहिनींना बोलावलं तेव्हा तिचे डोळे लाल होते. "मी विमा कंपनीशी खूप भांडले, वहिनी. ते म्हणतात, या माणसाला कामावर ठेवलं तर कुणाचाच विमा उतरवणार नाही."

"आजवर चाललंच होतं ना?"

"चाललं होतं, कारण मला माहीत नव्हतं. आता लिहिलेलं आहे. मला माहीत नाही असं म्हणता येत नाही."

"गोदामात बसवा त्यांना. सुटे भाग काढून देतील."

"तिथं एकच माणूस लागतो, आणि तो आहे."

वहिनी जागेवर परतल्या आणि वहीवाल्याला फोन लावला. त्यानं लगेच ओळखलं, तब्येतीची चौकशी केली. वहिनींनी विम्याचं सगळं सांगितलं.

"ती एक ओळ पुसता येईल का?" त्यांनी विचारलं.

"पुसता येईल," तो म्हणाला. " पण कुणी पुसली, कधी पुसली, तेही त्यात राहतं. आणि यादी तर त्यांच्याकडे गेलीय. मला वाटलं, हे सगळ्यांना ठाऊकच आहे."

"ठाऊक होतंच," वहिनी म्हणाल्या.

भाऊजींना महिनाअखेरीस सुट्टी मिळाली, कायमची. पोरांनी घड्याळ दिलं. मालक स्वतः काठी टेकत आले आणि भाऊजींच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

घरी आल्यावर भाऊजींनी घड्याळ डब्यातून न काढताच कपाटात ठेवलं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, माझ्या गुडघ्यांचं त्यांना कुणी सांगितलं?"

दुसऱ्या कुणाचं नाव घेता आलं असतं. पण वहिनींच्या तोंडून खरंच निघालं. "मी."

"का?"

"त्यानं विचारलं, भाऊजी."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. जावेनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. त्या दिवसापासून जाऊ त्यांच्याशी कामापुरतंच बोले. मीठ संपलंय. पाणी आलंय. कुणीतरी येऊन गेलं.

भाऊजींनी दोन ठिकाणी काम विचारलं. दोन्हीकडे आधी तपासणी होती. मग ते खिडकीत बसू लागले. समोरच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की तिथला रखवालदार हाक मारायचा, भाऊजी इथूनच त्याला सांगायचे काय करायचं ते.

त्याच सुमारास वहीवाला दुसऱ्या एका कंपनीची माणसं घेऊन आला, सॉफ्टवेअर कसं चालतं ते दाखवायला. मॅडमनं वहिनींना पुढं केलं. सगळे त्यांच्याकडे बघत उभे होते.

"चांगलं आहे," वहिनी म्हणाल्या. यात खोटं काही नव्हतं. तिघांत तेच चांगलं होतं, आजही त्यांनी तेच निवडलं असतं, आणि घरी कुणाला हे सांगण्याची सोय नव्हती.

भाऊजी आणि जाऊ जावेच्या भावाकडे राहायला जाणार असं ठरलं. तिथं तळमजल्याचं घर होतं. वहिनींना ते जाण्याच्या आदल्या आठवड्यात कळलं. त्यांनी खोकी आणून दिली, भांडी कागदात गुंडाळली. कुठली भांडी कुणाची यावरून एकदाही शब्दाला शब्द लागला नाही. जाऊ म्हणेल ते वहिनी देत होत्या.

सामान गाडीत चढल्यावर भाऊजी परत आत आले. वहिनींना वाटलं, काहीतरी विसरलं असेल.

"मोरीतल्या नळाचा वायसर बदललाय," ते म्हणाले. "आणि मीटरपाशी ती जुनी वायर होती, ती काढून टाकलीय. तुम्ही एकट्या असणार, म्हणून."

"भाऊजी..."

"निघतो," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून एक एक पायरी उतरत गेले. तीनच पायऱ्या होत्या. त्यांना वेळ लागला.

सोमवारी वहिनी कामावर गेल्या. फोन वाजला, पडद्यावर नाव आलं आणि त्यांनी ते वाचून दाखवलं.